मग त्याला मारतं कोण

तोकुझोने आपल्या लोणच्याच्या दुकानात बरणीतून काकडी उचलली, नीट नेम धरला आणि मुलीने लग्नासाठी निवडून आणलेल्या माणसावर गोळी झाडली. तोंडाने ‘ठो’ केलं.

ओसाकात गोळी लागली की मरायचं असतं. गोळी बोटाची असो, छत्रीची असो, नाहीतर खारवलेल्या काकडीची. शाळेतली पोरं मरतात, चौकातला पोलीस मरतो, बँकेतल्या बाईसुद्धा काउंटरमागे मान टाकून पटकन मरून घेतात. समोरचा मासेवाला, ज्याचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता, तोही छाती धरून बर्फाच्या पेटीवर आडवा झाला. सेगावाने मात्र मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. भिंतीवर मुळे टांगले होते.

“मागे काही आहे का?” त्याने अदबीने विचारलं. “आपण काहीतरी दाखवत होता.”

“काकडी दाखवत होतो.”

“छान आहे, बाबा.”

“कोणाचा बाबा?”

“चिसातोचे,” सेगावा म्हणाला. प्रश्न विचारला होता, त्याने उत्तर दिलं होतं. तोकुझोच्या कानशिलातली शीर मात्र ताडताड उडायला लागली. चिसातोने आईकडे पाहिलं. फुमिएने लोणच्याचं पिंप ढवळता ढवळता आपलं नेहमीचं गाणं धरलं.

*मीठ म्हणे काकडीला, बस गं माझ्या उशाशी,*
*उद्या तुला नेईल कोणी परक्याच्या ताटाशी.*

“गाणं बंद कर,” तोकुझो खेकसला.

पोरगा टोकियोचा होता, हे तोकुझोने एकवेळ गिळलं असतं. तो उंच इमारतींच्या लिफ्ट तपासायचा. कामही सरळ होतं. पण ज्या प्रश्नावर या घरात माणूस आत घ्यायचा की बाहेर ठेवायचा हे ठरायचं, तो प्रश्न अजून बाकी होता. तोकुझोने काकडी खाली ठेवली.

“हसवणाऱ्यांमध्ये कोण आवडतं तुला?”

चिसातोने डोळे मिटून घेतले. कालपासून ती त्याला पढवत होती. म्हण, योरोकु-गेन्ता. दुसरं नाव काढू नकोस. बाबा त्यांच्यासाठी जीव टाकतात. एवढंच म्हण आणि चहा पी.

“कुगा सेईजी,” सेगावा म्हणाला. त्याला खोटं बोलताच येत नव्हतं. काहींना पोहता येत नाही, तसं.

“कुगा आणि कोण?”

“कोणी नाही. ते एकटेच असतात. मंचावर उभे राहतात आणि हळू आवाजात स्वतःच्या फजितीच्या गोष्टी सांगतात.”

“एकटाच?” तोकुझोचा आवाज चिरकला. “मग त्याला मारतं कोण?”

“कोणीच मारत नाही.”

“तो वेड्यासारखं बोलतो, आणि कोणी टाळक्यात हाणत नाही? मग तो वेड्यासारखं बोलला हे लोकांना कळतं कसं?”

“ज्याचं त्याला कळतं.”

“ज्याचं त्याला,” तोकुझो बायकोकडे वळला. “ऐकलंस? टोकियोत ज्याचं त्याला कळतं. एक बिचारा उभा राहून बरळतोय, दुनिया बघतेय, आणि त्याला एक चापट मारावी एवढी माया कोणात नाही.”

योरोकु बावळटासारखं बोलायचा आणि गेन्ता त्याच्या टाळक्यात हाणायचा, एवढंच त्या जोडीचं काम. पण ती थप्पड काय होती म्हणून सांगावं. हात वर जायचा, क्षणभर अंधार श्वास रोखायचा, मग फटका वाजायचा आणि जात्याखालून पीठ झरावं तसं चहूबाजूंनी हसू झरायला लागायचं. लग्न झालं त्या वर्षी तोकुझोने ते पहिल्यांदा ऐकलं. तेव्हापासून दर प्रयोगाला तो नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी खारवलेल्या वांग्यांचा डबा घेऊन उभा राहायचा. गेन्ता डबा घ्यायचा आणि “हं” म्हणायचा. त्या एका “हं”वर तोकुझोचा महिना जायचा.

येत्या रविवारी दुपारी त्या जोडीचा शेवटचा प्रयोग होता. घरात तिघांची तिकिटं होती.

“माझं तिकीट याला द्या,” फुमिए म्हणाली. “माझे गुडघे दुखतात.”

“तुझे गुडघे कधीपासून दुखतात?”

“आत्तापासून.”

तोकुझोने सेगावाच्या नाकासमोर बोट नाचवलं. “ये. पण सांगून ठेवतो. जो गेन्ताला हसत नाही, त्याला माझी मुलगी मिळत नाही. आणि दुसरं. या गावात कोणी काही बोललं, विचारलं, तर दगडासारखं बसायचं नाही. उत्तर द्यायचं. समोरच्याचं बोलणं जमिनीवर पडू द्यायचं नाही. ते पाप आहे. समजलं?”

“समजलं,” सेगावा म्हणाला, आणि त्याला खरंच समजलं होतं. घोटाळा इथेच झाला.

रविवारी नाट्यगृह तुडुंब भरलं. बाया रुमाल घेऊन आल्या होत्या, हसायलाही आणि रडायलाही. चिसातो एका बाजूला, तोकुझो दुसऱ्या बाजूला, मध्ये सेगावा. पडदा उघडला, दोघे म्हातारे तुरुतुरु चालत माइकपाशी आले आणि छप्पर उडेल अशा टाळ्या पडल्या. तोकुझोने मात्र मंचाकडे पाहिलंच नाही. तो सेगावाच्या तोंडाकडे बघत होता.

पहिली थप्पड पडली. लोक कोसळले. सेगावाचं तोंड बंद.

दुसरी थप्पड. पुढच्या रांगेतल्या आजींची कवळी मांडीवर आली. सेगावाचं तोंड बंद. जणू दवाखान्यात नंबर लावून बसलाय.

ज्या दिवसाची हौस, ज्या दिवसाचं दुःख, तो दिवस हा माणूस फुकट घालवत होता. स्वतःचा घालवत होताच, पण तोकुझोचाही घालवत होता, कारण याच्यावर नजर ठेवण्याच्या नादात त्याने स्वतः अजून एकही थप्पड धड पाहिली नव्हती. याला अर्ध्यातून बाहेर काढावं, की प्रयोग संपल्यावर दारातच सांगावं, की बाबा, गाडी पकड आणि जा?

मंचावर लिफ्टची गोष्ट सुरू झाली. योरोकु दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्टमध्ये अडकला होता. हवेतल्या चार भिंती चाचपत तो प्रेक्षकांकडे वळला आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, “सांगा हो कोणीतरी, अशा वेळी माणसाने करायचं काय?”

हा प्रश्न तो आयुष्यभर विचारत आला होता. आजवर कोणी उत्तर दिलं नव्हतं. सेगावा उठून उभा राहिला.

“सर्वांत आधी घाबरू नये,” तो स्पष्ट आवाजात म्हणाला. “दरवाजा हाताने उघडायचा प्रयत्न करू नये. घंटेचं बटण दाबून धरावं आणि मदत येईपर्यंत खाली बसावं.”

योरोकु हवेतली भिंत सोडून बघत राहिला. “खाली बसावं,” तो पुटपुटला आणि खरंच खाली बसला. गेन्ताचा हात सवयीने वर गेला होता, पण आता वेडं बोलणारा माणूस मंचावर नव्हता, खाली रांगेत होता. हात पोचेना. तो तसाच वर राहिला, लोंबकळत, शेवटच्या दिवशी, भर प्रयोगात, मारायला कोणी नसलेला.

तोकुझोला ते पाहवलं नाही. तो ताडकन उठला आणि त्याने सेगावाच्या टाळक्यात सणसणीत ठेवून दिली.

“तुला बनवताना कोण जेवायला गेलं होतं रे?”

हे गेन्ताचं वाक्य होतं. तेच त्याच्या तोंडातून बाहेर पडलं. हसण्याचा असा लोंढा आला की चिसातोच्या मांडीवरची पिशवी खाली पडली.

“मी दुपारी जन्मलो,” सेगावा विचार करून म्हणाला. “तेव्हा गेलंही असेल कोणी. मला कल्पना नाही.”

फटका. “हे सांगायचं नसतं.”

“आपण विचारलंत. बोलणं जमिनीवर पडू द्यायचं नाही, असं आपणच…”

फटका. “मी सांगितलं ते माझ्यावर उलटवतोस?”

“मग कोणावर उलटवू?”

लोक खुर्च्यांवरून घसरले. आजींनी कवळी सरळ पिशवीत टाकली. तोकुझोला काही दिसत नव्हतं, डोळ्यांत रागाचं पाणी होतं. लोक मजा घेत होते, आणि त्याच्या लेखी गेन्ताचा प्रयोग मात्र बुडत होता. गेन्ता आणि योरोकु हाताची घडी घालून मंचावरून या दोघांकडे बघत होते.

प्रयोग संपल्यावर बोलावणं आलं. गेन्ताने बोलावलंय.

आत जाताना तोकुझोचं तोंड चालू होतं. “आयुष्यभर दाराबाहेर उभा राहिलो. आत गेलो नाही. आज आत जातोय ते कशासाठी, तर शिव्या खायला. तुझ्यामुळे.”

गेन्ता गरम पाण्यात पाय सोडून बसला होता. तो मंचावर जेवढा मोठा दिसायचा त्याच्या निम्मादेखील नव्हता. तोकुझोने कमरेत वाकून वांग्यांचा डबा पुढे केला.

“मारायला कोणी शिकवलं तुला?” गेन्ताने विचारलं.

“तुम्हीच, गुरुजी.”

“हात मारून झाल्यावर थांबतो तुझा. थांबू नये. लगेच मागे घ्यावा.”

कोपऱ्यात केळं सोलत योरोकुने सेगावाला न्याहाळलं. “आणि तुला रे, पोरा? हसवणाऱ्यांमध्ये कोण आवडतं?”

चिसातोने सेगावाच्या पायावर पाय दिला. काही उपयोग झाला नाही.

“कुगा सेईजी,” सेगावा म्हणाला. “पण आज मला जास्त हसू आलं ते बाबांच्यामुळे.”

“हसू?” तोकुझो उसळला. “तू हसलास कधी?”

“मघापासून हसतोय. आत्ताही हसतोय.”

सगळ्यांनी वाकून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा जसाच्या तसा होता.

“डावी भुवई बघा, बाबा,” चिसातो हळूच म्हणाली. “जरा वर जाते.”

तेवढ्यात पाणी डचमळलं. गेन्ताने पाय बाहेर काढले होते. मंचावर तो रोज चिडायचा, पण ते चिडणं वेगळं. हे खरं होतं.

“माझा शेवटचा दिवस,” तो म्हणाला, “आणि हशा कोणाला, तर लोणचेवाल्याला. घेऊन जा तुझी वांगी. एवढी वर्षं खारट असतात ती.”

इतक्या वर्षांनी गेन्ता त्याच्याशी “हं”च्या पलीकडे बोलला होता, तो असा.

स्टेशनपर्यंत तोकुझो एकटाच पुढे पुढे चालत राहिला. डबा त्याने छातीशी धरला होता, कोणी न स्वीकारलेल्या पोरासारखा. फलाटावर टोकियोची गाडी उभी होती. सेगावा आत जायला निघाला तसं तोकुझोने विचारलं.

“त्या दिवशी दुकानात वांगं खाल्लं होतंस. खारट होतं?”

“होतं.”

“तेव्हा का नाही बोललास?”

“आपण विचारलं नव्हतंत.”

तोकुझोचा हात वर गेला, आणि कुठेच न पडता खाली आला. एवढी वर्षं ज्याने डबा घेतला तो बोलला नाही. ज्याला विचारलं त्याने सरळ सांगितलं. राग कोणाचा धरावा तेच कळेना, आणि राग धरायला कोणी नसलं की तोकुझोला फार एकटं वाटायचं.

“बाबा,” चिसातो म्हणाली, “होय की नाही ते सांगा त्याला. गाडी सुटेल.”

“सुटू दे.”

सेगावा आत जाऊन खिडकीशी बसला. काचेपलीकडून त्याने मान लववली. तोकुझो जागचा हलला नाही. मग का कोण जाणे, त्याने बोट उचललं, काचेवर नेम धरला आणि म्हणाला, “ठो.”

सेगावाने मागे वळून पाहिलं.

मागच्या सीटवर ओसाकाच्या एक आजी बसल्या होत्या. त्यांनी छाती धरली, डोळे पांढरे केले आणि संत्र्यांच्या पिशवीवर मान टाकली. सेगावा उठला. घाबरला नाही. दाराशी गेला आणि मदतीचं बटण दाबून धरलं.

सगळ्या गाडीत घंटा घणघणली. गार्ड धावत आला, फलाटावरचे दोघे धावत आले, लांबून स्ट्रेचर निघालं. सेगावा आजींची नाडी धरून त्यांना शांत राहायला सांगत होता. आजींनी एक डोळा उघडला.

“मला काही झालं नाही, बाळा. मेले होते फक्त.” त्यांनी खिडकीबाहेर बोट केलं. “त्या म्हाताऱ्याने गोळी घातली.”

गार्ड सेगावाला दंडाला धरून खाली घेऊन आला. गाडीतले सगळे काचांना नाकं लावून बघत होते. गार्ड घाम पुसत तोकुझोला म्हणाला, “गोळी तुम्ही घातलीत?”

“घातली.”

“आणि हे? हे तुमचे कोण?”

तोकुझोने सेगावाकडे पाहिलं, थांबलेल्या गाडीकडे पाहिलं, स्ट्रेचर घेऊन ताटकळणाऱ्या माणसांकडे पाहिलं. त्याच्या कानशिलातली शीर ताडताड उडत होती.

“जावई,” तो दात खाऊन म्हणाला. “दुसरा कोण असणार? याला बनवताना जेवायला गेले होते सगळे.”

“दुपारची वेळ होती,” सेगावाने गार्डला समजावून सांगितलं.

फटका वाजला, आणि या वेळी हात लगेच मागे आला. काचांमागे हशा उसळला. तोकुझोने मान वर करून नीट पाहिलं. सेगावाची डावी भुवई तांदळाच्या दाण्याएवढी वर गेली होती. पोरगा खदखदून हसत होता.