भगवानरावांची मागची सीट

आमच्या शेजारचे भगवानराव रोज सकाळी चहाच्या आधी आपल्या मोटारसायकलची छाती तपासत. शेलूबाजारच्या ढोरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते, त्यामुळे कानात घालायची नळी हाताशी असेच. गाडी चालू करायची, एका कार्बोरेटरला नळी लावायची, डोळे मिटायचे, मग दुसऱ्याला लावायची. दोन्हीकडून सारखा श्वास आला नाही, तर स्क्रू किंचित फिरवून पुन्हा ऐकायचं. तीच नळी थोड्या वेळाने कोणाच्या तरी म्हशीच्या पोटाला लागे. म्हशीच्या मालकालाही ते गंभीरपणे सांगत, "हिची सेटिंग बिघडली हाये."

गाडी विलायती, दोन सिलिंडरची, बदली होऊन गेलेल्या एका जंगलसाहेबाकडून घेतलेली. ती लांबच्या लांब रस्ते वेगाने कापायला बनवली होती आणि आमच्याकडे बहुतेक वेळ अंगणात स्टँडवर उभी असे. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, आणि गावात कोणाकडे नवी सायकल आली तरी लोक बघायला जात. अशा काळात एवढी दमदार गाडी दारात असून हा माणूस ती पळवत का नाही, हे कोणालाच कळत नसे. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "पयले सेटिंग, मंग रस्ता."

हे तत्त्व त्यांनी सगळ्या जगाला लावलं होतं. कोणाच्या सुनेचं सासूशी पटत नाही म्हटलं की ते म्हणत, "चेन लय ताणली असन. थोडी ढिल द्या लागते." मी शाळामास्तर. वर्गात पोरं फार गोंधळ घालतात असं मी एकदा सहज बोललो, तर म्हणाले, "मास्तर, तुमी सकायीच रेस देता. पयले हळूहळू गरम होऊ द्या." मी तसं करून पाहिलं. वर्ग गरम झाला, तो शाळा सुटेपर्यंत थंड झाला नाही.

रविवार सर्व्हिसिंगचा. अंगणात पोतं अंथरलं जाई आणि त्यावर गाडीची आतडी मांडली जात. व्हॉल्व्हची फट ते दाढीच्या ब्लेडने मोजत आणि मग त्याच ब्लेडने दाढी करत, त्यामुळे सोमवारी त्यांच्या हनुवटीवर कापसाचे बोळे असत. चेन ग्रीसमध्ये उकळायला त्यांनी आपल्या बायकोची, कौसल्यावहिनींची, चांगली कढई कायमची ताब्यात घेतली होती. वहिनी भांडत नसत. आमच्याकडे येऊन माझ्या बायकोला एवढंच म्हणत, "एखाद्या दिवशी वांगे त्या कढईत पडतीन, अन् यायले चव समजनार बी नाही."

मागच्या स्प्रिंगा त्यांनी दोन माणसांच्या वजनाला लावल्या होत्या. एकटे बसले की गाडी त्यांना चेंडूसारखी उडवी. तरी स्प्रिंगा सैल करायच्या नाहीत, म्हणून मागच्या सीटवर ते तुरीचं पोतं बांधत. वाटेत कोणी विचारलंच, "भगवानराव, तूर कुठी चालली?" तर ते म्हणत, "कुठीच नाही. वजन हाये."

खरं वजन म्हणजे वहिनी, आणि वहिनी बसायला तयार नव्हत्या. त्याला कारण होतं.

गाडी नवी आली तेव्हा भगवानराव वहिनींना घेऊन त्यांच्या माहेरी, आसेगावला निघाले होते. वाटेत इंजिनातून टिकटिक यायला लागली. त्यांनी लिंबाखाली गाडी थांबवली आणि कान लावला. वहिनी पातळ सारखं करायला उतरल्या आणि झाडाच्या पलीकडे गेल्या. इकडे पाना फिरला, टिकटिक गेली आणि असा गोड आवाज लागला की भगवानरावांना जगाचं भान राहिलं नाही. किक मारली आणि निघाले. वहिनी हाका मारत राहिल्या. भगवानराव मात्र मागच्या रिकाम्या सीटशी गप्पा मारत आसेगावला पोचले. सासूबाई दारात आल्या. हे म्हणाले, "घ्या, तुमची लेक आणली." सासूबाईंनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं आणि विचारलं, "कुठी हाये?"

वहिनी तोवर एका कडब्याच्या गाडीत बसून घरी आल्या होत्या. भगवानराव धापा टाकत परतले, तेव्हा त्या चूल पेटवत होत्या. त्यांनी आकांडतांडव केलं नाही. पण त्यानंतर त्या गाडीवर बसल्या नाहीत.

दुसरा कोणी पाया पडला असता. भगवानरावांनी हा बिघाड समजून शोधायला घेतला. "तुले बसाले काय तरास होते, ते सांग," असं ते विचारत, आणि वहिनी टाळायला म्हणून काहीही सांगत. पाठीला हिसके बसतात म्हटल्यावर स्प्रिंगा बदलल्या. पदर चाकात जाईल म्हटल्यावर चाकाला जाळी बसली. सायलेंसर पोळतो म्हटल्यावर त्यावर पत्रा आला. पाय लोंबकळतात म्हटल्यावर पाय ठेवायला फळी झाली. दर वेळी हात पुसत ते म्हणत, "आता बसून पाह्य." वहिनी म्हणत, "आज नाही."

त्यांच्या मनात एकच होतं. दसऱ्याला दोघांनी या गाडीवरून नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं. दर वर्षी वहिनी पांढरं पातळ नेसून वस्तीतल्या बायांबरोबर ट्रकमधून जात. ट्रकच्या मागे धूळ खात भगवानराव, आणि भगवानरावांच्या मागे तूर. मला हसू येई आणि वाईटही वाटे.

मग एका रविवारी दुपारी वाशीमकडे निघालेल्या जीपवाल्याने निरोप आणला. वहिनींची आई आसेगावला वावरात चक्कर येऊन पडली होती. ती डोळे उघडत नव्हती. जीप उलट्या दिशेची, एसटी थेट संध्याकाळी, आणि गाडी पोत्यावर सुटी पडलेली.

भगवानरावांनी त्या पसाऱ्याकडे पाहिलं आणि हाताला येईल तो भाग बसवायला सुरुवात केली. ना ब्लेड, ना नळी. मी नुसता पाने देत होतो. किक मारल्यावर गाडीने असा आवाज काढला की माझी बायको बाहेर आली. एक सिलिंडर चालत होतं, दुसरं मनात येईल तेव्हा खोकत होतं. भगवानरावांनी मागच्या सीटवरचं तुरीचं पोतं सोडून माझ्या ओट्यावर ढकललं आणि वहिनींकडे न बघता म्हणाले, "बस." वहिनी बसल्या.

म्हातारी वाचली. चार दिवसांनी दोघं परत आली, आणि भगवानराव पुन्हा नळी कानात घालून बसले. वहिनी आमच्याकडे आल्या आणि माझ्या बायकोला सांगू लागल्या. मी तिथेच होतो.

"रस्ताभर गाडी ठसकून राह्यली होती. अन् हे घडी घडी इचारत, 'हायेस ना?' मी म्हनो, 'हाव.' मंग मले आईचं ध्यान आलं. रडू फुटलं, म्हून मी हाव म्हटलंच नाही. तं यायनं भर रस्त्यात गाडी थांबवली अन् खाली उतरले. मले वाटलं, आता पाना काढतीन. नाही काढला. माह्याकडे पाह्यतच राह्यले. म्हने, 'त्या दिवशी तू मांगं नव्हती अन् मी तुह्यासंग बोलतच गेलो. मले समजलंच नाही. तवापासून माह्या पोटात भेव बसलं हाये कौसल्या, थे कोन्या पान्यानं निंगत नाही.'"

"मग तुम्ही काय म्हटलं?" माझ्या बायकोने विचारलं.

"काय म्हनू बाई? हे गाडीवर बसले तसं मी मांगून कंबरेले घट धरलं, लोकं पाहत होते तरी. म्हटलं, आता इचारू नका. चाला."