प्रकरण सरू द्या

मगनभाई पाटील घोडीवर बसून पुस्तक वाचत. घरापासून शेतापर्यंत आणि शेतापासून घरापर्यंत. लगाम मांडीखाली, पुस्तक नाकाला, आणि बाकी सगळं बिजलीवर सोडलेलं. बिजली म्हणजे घोडी. नाव सोडलं तर विजेशी तिचा काही संबंध मला कधी दिसला नाही.

बासष्ट साली मी सारंगखेड्याजवळच्या एका तापीकाठच्या गावात मास्तर म्हणून गेलो, तेव्हा शाळेतलं दोन कपाटांचं वाचनालयही माझ्या गळ्यात पडलं. वाचक एकच, मगनभाई. कादंबरी, संतचरित्र, केळीवरचे रोग, त्यांना काहीही चाले. बाळंतिणीच्या आहारावरचं पुस्तक त्यांनी दोनदा नेलं. स्वतः बिनलग्नाचे! विचारलं तर म्हणाले, "मागला भाग भारी शे, गुरुजी."

वाचताना त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. ताट वाढलंय, पाहुणे आलेत, उसाला पाणी सोडायचंय, सगळ्याला उत्तर एकच: "प्रकरण सरू द्या, मंग बोलूत." शेजारच्या कडब्याला आग लागली तेव्हाही हेच म्हणाले. प्रकरण लहान होतं म्हणून बरं.

त्यांना नावानं मोठ्यानं हाक मारायची नाही, अशी त्यांनी गावाला शपथ घातली होती. मी नवा. पहिल्याच आठवड्यात शाळेच्या दारातून ओरडलो, "मगनभाई!" बिजली जागच्या जागी थांबली आणि मगनभाई पुस्तकासकट तिच्या मानेवर आले. याचं कारण गावानं मला नंतर सांगितलं, तेही साभिनय.

तरुणपणी मगनभाईंना घोडेवाले म्हणून नाव काढायचं होतं. सारंगखेड्याच्या यात्रेत शर्यत मारायची, मग दहा घोड्या, मोठा तबेला. तबेल्याची पाटीसुद्धा आधीच रंगवून घेतलेली! वर्षभर रोज सकाळी ते बिजलीला गावातून पळवत. पण आमचं गाव भारी अगत्याचं. ओट्याओट्यावरून हाक यायची, "मगनभाई, च्या पेवाले या!" आणि नाही म्हणणं मगनभाईंच्या रक्तात नाही. घोडी थांबे, त्यांचा चहा होई, तिला गुळाचा खडा मिळे.

शर्यतीच्या दिवशी बिजली खरोखर सगळ्यांच्या पुढे होती. गाव आनंदानं बेभान होऊन ओरडलं, "मगनभाऽऽई!"

बिजली थांबली.

गाव आणखी जोरात ओरडलं. ती आणखी घट्ट उभी राहिली, गुळाची वाट बघत. मागचे सगळे घोडे शेजारून निघून गेले.

त्यानंतर मगनभाई पुस्तकात शिरले ते शिरलेच. ती पाटी वाचनालयात फळी म्हणून आली, अक्षरं खालच्या बाजूला. एवढं वाचून मिळतं काय, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "पुस्तकमा मन्हं नाव कोन्ही लेत नही, गुरुजी." मी हसलो. हसायला नको होतं.

मी गावात आल्यावर दोनेक वर्षांनी बिजली अगदीच थकली. घरचा कारभार मोठ्या भावाकडे. त्यांनी एक दिवस विचारलं, "ही घोडी फुकट खाई ऱ्हायनी. इकी टाकू का?"

"प्रकरण सरू द्या."

भावानं तो विकायला होकार धरला. चार दिवसांत नवापूरचा एक टांगेवाला तिला न्यायला आला. मी नेमका तेव्हा पुस्तक परत मागायला गेलो होतो. मगनभाई ओट्यावर वाचत बसलेले. टांगेवाल्यानं दावं सोडलं, बिजली मुकाट निघाली, आणि या गृहस्थानं मान वर केली नाही. मला त्यांचा सणसणीत राग आला. मग लक्षात आलं, मघापासून पान उलटलेलं नाही.

घोडी वळणाशी पोचली. मगनभाईंनी खूण न घालताच पुस्तक मिटलं. ओट्यावर उभे राहिले आणि आपल्याच नावानं बेंबीच्या देठापासून ओरडले, "मगनभाऽऽई! ओ मगनभाऽऽई! च्या पेवाले या!"

बिजली थांबली.

टांगेवाल्यानं ओढलं, ढकललं, हातापाया पडला. चारही पाय रोवून ती उभीच. शेवटी दावं टाकून तो म्हणाला, "अशी घोडी टांग्याले काय कामनी?"

मगनभाई अनवाणी धावत गेले आणि तिच्या मानेत तोंड खुपसून उभे राहिले. भाऊ काहीतरी बोलत होते, ते कोणी ऐकलं नाही. बऱ्याच वेळानं मगनभाईंनी तोंड वर केलं. डोळे लाल झाले होते.

"गुरुजी," ते तिथूनच ओरडले, "घरमा जाईसन गूळ लई या!"