पाचवा डावा

दुकान उघडायच्या आधी फळीवरचा एकेक बूट उचलून बघायचा, ही दुर्बीणकाकांची सव्वीस वर्षांची रीत. त्या सोमवारी त्यांनी तिसऱ्या फळीवरचा काळा बूट उचलला, उलटा केला, सुलटा केला आणि जागच्या जागी थिजले. बूट उजवा होता.

फळीवर उजवा बूट असणं शक्यच नव्हतं. फळीवर फक्त डावे मांडायचे आणि त्यांचे जोडीदार मागच्या खोलीत खोक्यात ठेवायचे, हा नियम खुद्द काकांनीच आणला होता. एकट्या डाव्या बुटाचं चोर करणार काय? या एका कल्पनेवर काका सव्वीस वर्षं खूश होते. दुकानातल्या त्यांच्या बूट-विभागातून आजवर एक बूट गेला नव्हता. त्यांच्या नजरेमुळेच दुकानातली माणसं त्यांना पाठीमागे दुर्बीण म्हणत, आणि काकांनाही ते माहीत होतं, कारण कोण पाठीमागे काय बोलतं यावरही त्यांचं लक्ष असे.

"चोरी!" काका ओरडले.

मास्तरीणबाई धावत आल्या. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. घरी बसून कंटाळल्या म्हणून वर्षअखेरच्या सुट्ट्यांच्या गर्दीपुरत्या इथं कामाला लागल्या होत्या.

"काय गेलं भाऊ?"

"डावा बूट."

"पण इथं तर बूट दिसतोय."

"हा उजवा आहे. चोर बेरकी आहे, बाई. जागा रिकामी दिसू नये म्हणून डावा नेला आणि उजवा ठेवून गेला."

"पण मग त्याच्याकडे उजवा कुठून आला?"

प्रश्न साधा होता, आणि काकांना तो अजिबात आवडला नाही. उजवे असतात मागच्या खोलीत. मागच्या खोलीची किल्ली दोघांकडेच. एक काका स्वतः, आणि काकांचा स्वतःवर पूर्ण विश्वास होता. त्यांनी बाईंकडे एक लांब नजर टाकली. बाईंच्या हातात एक छोटी वही होती आणि त्या तिच्यात काहीतरी टिपत होत्या.

काकांच्या मनात पाल चुकचुकली.

मंगळवारी दुसरा उजवा सापडला. आता काका डोळ्यांत तेल घालून उभे राहू लागले. गर्दी तर अशी, की चार जण बसायच्या बाकावर सात जण पाय पुढे करून बसलेले. काका खोकं आणत, बूट चढवत, उतरवत, भरत, दोरी बांधत, आणि एवढ्या वेळात त्यांची नजर बुटावर एकदाही जात नसे. ती असे गिऱ्हाइकाच्या हातांवर, पिशव्यांवर, नाहीतर बाईंच्या वहीवर.

"भाऊ, एक सांगू का?" बाई म्हणाल्या. "मला वाटतं, खोकी भरताना तुम्ही..."

"नंतर. आणि बाई, तुम्ही सारखं बुटांकडे काय बघता? बूट कुठं पळत नाहीत. माणसांकडे बघा."

बाईंनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

त्याच दिवशी कर्मचाऱ्यांचे बूट वाटले. दुकानाकडून दर वर्षी प्रत्येकाला एक जोड मिळे. काकांनी फळीवरचा एक तपकिरी, गोल नाकाचा, बिननाडीचा बूट डाव्या पायात घालून बघितला, खोक्यातला उजवा उजव्या पायात घालून बघितला, ठीक वाटले म्हणून लगेच भरून टाकले. पलीकडे बाई दोन मिनिटं झाली तरी लिहीतच होत्या.

बुधवारपासून काकांचा उजवा पाय ठणकू लागला. घरी गेल्यावर बायकोनं पाय गरम पाण्यात घालायला लावला.

"नव्या बुटांनीच झालंय हे. बघा तरी एकदा."

"बुटात काय बघायचं? सव्वीस वर्षं बूटच विकतोय. दिवसभर उभं राहून झालंय."

शुक्रवारपर्यंत फळीवर पाच उजवे झाले. मॅनेजरनं काकांना केबिनमध्ये बोलावलं.

"काका, उद्या सुट्ट्यांचा शेवटचा दिवस. उद्या दुकान बंद व्हायच्या आत पाचही डावे फळीवर हवेत. नाहीतर सोमवारपासून तुम्ही परतीच्या खिडकीवर."

काकांच्या पायाखालची वाळू सरकली. परतीची खिडकी म्हणजे दुकानातली सर्वांत नकोशी जागा. न आवडलेलं, न बसलेलं, उसवलेलं सगळं तिथं येई आणि त्याच्या मागोमाग शिव्या येत. तिथल्या माणसाला वर बघायलाही फुरसत नसे, मग इतरांवर नजर काय ठेवणार?

"साहेब," काका दार लोटून हळूच म्हणाले, "मला त्या बाईंचा संशय आहे. सारखं काहीतरी टिपतात. यात नक्की कुठंतरी पाणी मुरतंय."

"पुरावा?"

"उद्या देतो."

शनिवारी पुरावा स्वतःच्या पायांनी चालत आला, आणि तोही लंगडत. चष्मा लावलेला एक गृहस्थ गर्दीतून वाट काढत विभागात शिरला, काकांकडे बघून घुटमळला आणि कपाटाआड झाला. काकांनी त्याला लगेच ओळखलं. हा गुरुवारीही आला होता. शुक्रवारीही आला होता. दोन्ही वेळा लंगडत, आणि दोन्ही वेळा काकांची नजर पडताच मागे फिरलेला. पँटच्या आत बूट दडवला की माणूस असाच चालतो, हे काकांना एकदम उमगलं. बाई आतून देतात आणि हा बाहेर नेतो!

"पकडा त्याला!" काका गरजले आणि स्वतःच धावले. म्हणजे धावायला गेले. उजवा पाय इतका ठणकत होता की तेही लंगडतच निघाले. पुढे लंगडणारा गृहस्थ, मागे लंगडणारे काका, असे दोघं मोज्यांच्या ढिगाला वळसा घालून छत्र्यांपाशी पोचले. तिथं काकांनी त्याची कॉलर धरली.

"काढा बूट!"

"काढतो हो, काढतो! तेच तर करायला तीन दिवस येतोय!"

मॅनेजरच्या केबिनमध्ये गृहस्थानं बूट काढून टेबलावर ठेवले. दोन्ही डावे होते.

"मागच्या शनिवारी घेतले. जुने फाटले होते, ते इथंच टाकून दिले. दुसरे बूट नाहीत मला. परतीच्या खिडकीपाशी ही एवढी रांग, म्हणून म्हटलं विभागातच सांगावं. पण हे काका असे काही बघायचे, की वाटायचं आपणच चोरी केलीय."

"बिल कुणी केलं?"

गृहस्थानं खिशातून बिल काढलं. खाली काकांची लफ्फेदार सही होती.

मग सगळा उलगडा व्हायला वेळ लागला नाही. गिऱ्हाइकाच्या डाव्या पायात फळीवरचा बूट असे, उजव्यात खोक्यातला. विक्रीचं खोकं नव्या पूर्ण जोडीचं, त्यामुळे त्यातला डावा खोक्यातच पडलेला असे. काका बूट काढून घेत, नजर गिऱ्हाइकाच्या पिशवीवर ठेवून हाताला लागलेला डावाच खोक्यात टाकत आणि उरलेला उजवा फळीवर मांडत. मॅनेजरनं परतीच्या खिडकीमागचा ढीग उपसायला लावला, तेव्हा तशीच आणखी तीन खोकी निघाली. प्रत्येकात दोन डावे. एका खोक्यावर चिठ्ठी होती, 'आमची थट्टा करता काय?'

"चार झाले," मॅनेजर म्हणाला. "पाचवा?"

काकांनी गेल्या आठवड्यातली सगळी बिलं चाळली. पाचव्याचा कुठंच मागमूस नव्हता. दुकान बंद व्हायला तासभर उरला होता. सव्वीस वर्षांची अब्रू एका डाव्या बुटावर येऊन अडकली होती. पण संशय काही सुटत नव्हता. चार चुका आपल्या, मान्य. पाचवा मात्र चोरीचाच!

ते तडक विभागात गेले आणि बाईंपुढे हात पसरला.

"वही."

बाईंनी वही दिली. काकांनी ती उघडली. सुंदर, शाळेतल्या फळ्यावरचं असावं असं अक्षर. 'शनिवार. काळा, आठ नंबर. दोन्ही डावे भरले. गृहस्थ, चष्मा.' त्याखाली दुसरी नोंद, तिसरी, आणि मग, 'मंगळवार. तपकिरी, नऊ नंबर. दोन्ही डावे भरले. भाऊ.'

काकांनी ती ओळ दोनदा वाचली.

"तुम्ही... तुम्हाला माहीत होतं?"

"पाच वेळा सांगायला आले. पाचही वेळा तुम्ही नंतर म्हणालात. पुन्हा वर तुम्हीच सांगितलंत, बुटांकडे बघू नका."

"मग साहेबांना का नाही सांगितलं?"

"तुमची तक्रार तुमच्या पाठीमागे करू?" बाई म्हणाल्या. "तसली सवय नाही मला."

काकांना आदल्या दिवशीची केबिन आठवली, लोटलेलं दार आठवलं, आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं त्यांना वाटलं.

"बसा," बाईंनी बाक दाखवला.

सव्वीस वर्षांत काका त्या बाकावर पहिल्यांदा बसले. बाईंनी फळीवरचा तपकिरी उजवा बूट आणला, पुढ्यात स्टूल ओढलं आणि काकांच्या ठणकत्या पायातला बूट ओढून काढला. काकांची नजर सवयीनं त्यांच्या बोटांवर गेली.

"हातांकडे नका बघू, भाऊ. पायाकडे बघा."

काकांनी पाहिलं. चार दिवस चुकीच्या बाजूला वळलेली बोटं लालबुंद झाली होती. उजवा बूट सहज चढला आणि काकांच्या तोंडून नकळत "हुश्श" निघालं. काढलेला डावा बाईंनी पदरानं पुसून फळीवर नीट मांडला.

तेवढ्यात मॅनेजर आला.

"सापडला का पाचवा?"

"सापडला," बाई म्हणाल्या.

"कुणाकडे होता?"

काकांनी दोन्ही पाय बाकाखाली ओढून घेतले.

"एका गिऱ्हाइकाकडे," बाई म्हणाल्या. "भारी संशयी माणूस आहे हो. बदलून देतानासुद्धा माझ्या हातांकडेच बघत होता."