दासीने फक्त पाण्याची कामे करावीत

"आई, आज संध्याकाळपर्यंत मी एकटीनं चार हजार घोडेस्वार बुडवून दाखवते!"

हर्षानं पोळी लाटता लाटता जाहीर केलं. सुमनबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, शेजारी वांगं भाजत होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "कोणाचे व्हय?"

"सम्राटाचे."

"बुडव बापा. पण आधी तवा उतरव. पोळी जळून राहिली."

जगातल्या मोठमोठ्या सेनापतींना युद्धाच्या दिवशी घरून असाच पाठिंबा मिळत असावा! हर्षानं तवा उतरवला आणि जळकी पोळी स्वतःच्या ताटात वाढून घेतली.

आता हे घोडेस्वार कुठले, ते सांगायला हवं. हर्षाचं अड्याळच्या बाजारचौकात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान होतं. जातीचा दाखला, पीक विमा, शिष्यवृत्ती. दिवसभर रकाने! लाल चांदणीवाला रकाना भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही, आणि भरावं तर त्यात माणूस मावत नाही. एका आजोबांचं आडनाव लांबलचक म्हणून रकान्यानं घेतलंच नाही, तेव्हा हर्षानं स्वतःच्या हातानं ते अर्धं कापलं होतं. त्या दिवशी तिला डबा गेला नाही.

म्हणून घरी परतताना ती फोन उघडायची आणि वज्रगडात शिरायची. वज्रगड म्हणजे सेहेचाळीस जणांचा एक ग्रुप. त्यात कुणी राजा, कुणी वैद्य, कुणी हेर. आपल्या पात्रानं काय केलं ते आपण लिहायचं, दुसऱ्यानं त्याला उत्तर द्यायचं, आणि अशी सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढं ढकलायची. ना लाल चांदणी, ना रकाना! निदान हर्षाला आधी तसं वाटलं होतं.

पण वज्रगडाला एक महामात्य होता. खरं नाव भुपेंद्र. तुमसरच्या एका राईस मिलच्या वजनकाट्यावर बसायचा. पोती मोजता मोजता त्याला शब्दही मोजायची खोड लागली असावी, कारण वज्रगडाचे त्यानं एकशे बारा नियम लिहिले होते. राज्यात बटाटा नाही. मिरची नाही. राजासमोर शिंकायचं नाही. नियम बनवणारा तो, पंच तो, आणि दरवर्षीच्या महासंग्रामात चाल करून येणारा शत्रूचा सम्राटही तोच!

पात्रं चिठ्ठ्या टाकून मिळत. हर्षाच्या वाट्याला दासी आली. सुमनबाईंना हे कळलं तेव्हा त्या कडाडल्या होत्या, "एवढी शिकली-सवरली पोरगी, अन् दासी? राजीनामा दे!"

हर्षानं राजीनामा दिला नाही. उलट तिचा त्या दासीवर जीवच जडला. आठ महिने तिनं तिला घडवलं. चालणं दिलं, हसणं दिलं, जिभेला धार दिली. आणि एक दिवस तिला नाव दिलं, गेंदा. तासाभरात भुपेंद्रचा खलिता आला: "नियम अठ्ठावीस. दासीला नाव नसते. पहिली ताकीद."

पुढं गेंदानं राजाच्या पंगतीला लाखोळीची डाळ वाढली. "राज्यात लाखोळी पिकत नाही. दुसरी ताकीद."

तिसरी ताकीद म्हणजे हद्दपारी! पात्र पुसणार, आठ महिन्यांचं सगळं लिखाण पुसणार. जणू गेंदा कधी नव्हतीच. हर्षाला ते अर्धं कापलेलं आडनाव आठवायचं आणि राग नाकाशी यायचा. नियमानं हाणून पाडलं, तर नियमानंच वर यायचं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. कसं, ते मात्र माहीत नव्हतं.

ते आदल्या दिवशी सुमनबाईंनी दाखवलं! भुपेंद्रनं संग्रामासाठी वज्रगडाचा मोठा नकाशा टाकला होता. हर्षा तो बघत होती, इतक्यात दूध उतू गेलं आणि फोन सासूबाईंच्या हाती राहिला. त्यांनी धरला उलटा.

"हे आपलं तलाव मोबाइलात कायले ठेवलं वो?"

"आई, ते वज्रसरोवर हाये."

"कायचं वज्र अन् फिज्र! ही पाळ पाय ना, मधात कशी वाकडी हाये. इथं तुडूम. अन् हा हमरस्ता, हा आपला यष्टीचा थांबा. अन् हे हिरवं म्हणजे आपली बांधी. रोवणी करू करू कंबर गेली माही, अन् मले नाई समजन?"

हर्षानं दूध तसंच सोडलं आणि फोन उलटा धरून पाहिला. अगदी खरं! भुपेंद्रनं उपग्रहाच्या फोटोवरून नकाशा गिरवला होता, उलटा केला होता, गावांची नावं पुसली होती. थांब्याला 'यात्रेकरूंचा विसावा' केलं होतं. आणि तलावाखालच्या धानाच्या बांध्यांवर, म्हणजे भातखाचरांवर, सुबक अक्षरांत लिहिलं होतं: 'हिरवे मैदान. घोडदळास उत्तम.' जन्मभर तांदळाच्या राशीत बसूनही पठ्ठ्या बांधीत कधी उतरला नव्हता!

तर असा तो शनिवार. पोळ्या झाल्या, जेवणं झाली, आणि संग्राम पेटला. सम्राटानं घोषणा केली, "चार सहस्र घोडदळ हिरव्या मैदानावर तळ देऊन आहे. वज्रगडाने शरण यावे!" सेनापती पडले. हेर पकडले गेले. राजा नागपूरला दातांच्या डॉक्टरकीचं शिकत होता. त्यानं 'महाराज ध्यानस्थ आहेत' असं लिहिलं आणि तो तासाला निघून गेला.

मग हर्षानं लिहिलं:

"दासी घागर घेऊन तलावावर गेली. पाणी हवे म्हणून तिने पाळीतले तुडूम, म्हणजे पाणी सोडायचे दार, उघडले. पाणी खाली गेले. खाली धानाच्या बांध्या आहेत. चिखल झाला. घोडे पोटापर्यंत रुतले. दासी घागर भरून परत आली."

 ग्रुपवर नुसता कल्ला!

"तिसरी ताकीद!" भुपेंद्र गरजला. "दासीस शस्त्र चालवता येत नाही!"

"शस्त्र कुठाय? नियम एकतीस. दासीने फक्त पाण्याची कामे करावीत. पाण्याचंच काम केलं."

"हा तलाव कथेत कधी आलेला नाही!"

"नकाशात आहे. नियम तीन. नकाशा हेच अंतिम सत्य."

"मैदानात चिखल होत नाही! नियम नऊ. पुरावा द्या!"

हर्षानं आपल्या शेताचं ठिकाण नकाशासकट पाठवलं आणि खाली लिहिलं, "उलटं धरून पाहा."

भुपेंद्र टाइप करतोय असं दिसायला लागलं. थांबलं. पुन्हा दिसायला लागलं. चहा उकळून गाळून पिऊन होईल एवढ्या वेळानं उत्तर आलं, "उद्या सकाळी दहा वाजता येतो. मोटारसायकल हाच घोडा. बांधी पार केली तर दासी हद्दपार. सर्वांनी थेट पाहावे."

हर्षानं धडाक्यात "या!" लिहिलं आणि मग ती हिशेब करत बसली. बांधी तिनं पाहिली होती, पण मोटारसायकलचा काय भरवसा? जाहिरातीत तर त्या डोंगर चढतात! आपली आठ महिन्यांची गेंदा एका माणसाच्या चाकाला बांधली गेली, या विचारानं तिला घास गोड लागेना. "आई, गेला तो पार तर वो?"

"जाऊन जाऊन जाईन कुठं?" सुमनबाई म्हणाल्या आणि पापड भाजायला लागल्या.

रविवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना भुपेंद्र आला. काळं जाकीट, काळं हेल्मेट, हेल्मेटवर फोन बांधलेला. बांधीची चिखलणी झाली होती. वर बोटभर पाणी, आणि सगळं कसं सपाट, गुळगुळीत, शेणानं सारवलेल्या अंगणासारखं. कडेला रोवणीच्या सात बायका हातात पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या घेऊन उभ्या राहिल्या. काम सोडून सर्कस पाहायला मिळते म्हणजे काय!

हर्षाचे सासरे भैय्यालाल धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आले. भला माणूस. "बाबू, नको जाऊ गा. काल आमचा ट्रॅक्टरच अर्धा घंटा फसला होता."

"काका, ट्रॅक्टर जड असते. घोडा हलका असतो."

भैय्यालालनं गाडीकडं पाहिलं, मग सुनेकडं. "हा घोडा हाये?"

"मागून सांगते बाबा," हर्षा पुटपुटली.

भुपेंद्रनं गाडीला किक मारली, "सम्राटाचा विजय असो!" अशी आरोळी ठोकली आणि धुऱ्यावरून बांधीत उडी घेतली. पहिले पाच फूट फार रुबाबात गेले! सहाव्या फुटाला पुढचं चाक गायब. सातव्या फुटाला मागचं. मग गाडी म्हशीसारखी शांतपणे बसली, आणि सम्राट तिच्यावरून पुढं गेले. फोनमधून पाहणाऱ्या चव्वेचाळीस जणांना आधी धुरा दिसला, मग आभाळ, मग एक बगळा, आणि मग नुसतं तपकिरी.

बायका अशा हसल्या की पलीकडच्या बांधीतले बैल थबकले. भुपेंद्र उभा राहिला, पण मांडीपर्यंतच. एक पाय काढावा तर दुसरा आणखी खाली. "काका, दोर! दोर टाका!"

दोर होता. सुमनबाईंच्या हातात होता.

"आधी निकाल सांग."

"काय?"

"पंच तूच व्हय ना? निकाल सांग, मंग दोर."

भुपेंद्रनं चिखलानं भरलेलं हेल्मेट पुसलं. माणूस बुडेल पण भाषा सोडणार नाही! "मी, वज्रगडाचा महामात्य, घोषित करतो की सम्राटाचे समस्त घोडदळ रुतलेले आहे. दासी विजयी!"

"दासी नाई. नाव घे तिचं."

"मावशी, नियम अठ्ठावीसनुसार दासीला..." एवढं बोलेपर्यंत तो आणखी चार बोटं खाली गेला. "गेंदा! गेंदा विजयी! गेंदा, गेंदा!"

हर्षाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिला लाज वाटली नाही. आठ महिने जिचं नाव चोरून घ्यावं लागलं, तिचं नाव भर शिवारात सम्राट ओरडत होता, आणि सात बाया, एक सासू आणि सगळा वज्रगड ते ऐकत होता.

नऊ जणांनी मिळून भुपेंद्रला ओढलं, ट्रॅक्टरनं गाडीला. डावा बूट आला नाही. तो बहुधा दिवाळीनंतर धानासोबत निघेल. सुमनबाईंनी त्याच्या हातात पऱ्ह्यांची जुडी दिली. "तुडवलं तेवढं लाव."

बिचारा मुकाट लावायला लागला. जरा वेळानं वळून विचारतो, "मावशी, दोन रोपांत अंतर किती बोटं ठेवायचं? काही नियम असेल ना?"

"हाये ना. पण तो हातात हाये, कागदावर नाई."

दुपारी तो हर्षाकडं पोटभर जेवला, लाखोळीची डाळ दोनदा मागून घेतली, आणि तिथंच बसून त्यानं महामात्यपद तिला देऊन टाकलं. ग्रुपवर नगारे वाजले! हर्षानं पहिल्या फटक्यात एकशे अकरा नियम पुसले. एकच ठेवला, जिंकून देणारा: नकाशा हेच अंतिम सत्य. "आता ज्याला जे सुचेल ते लिहा!" तिनं जाहीर केलं. ती इतकी खूश होती की सोमवारी दुकानात तिनं एका शेतकऱ्याचा फॉर्म फुकट भरून दिला.

सोमवारी सकाळी अकरापर्यंत वज्रगडात दोन हेलिकॉप्टरं उतरली. राजाचं आंब्याचं झाड झालं. एकाच सम्राटाला तिघांनी तीन ठिकाणी ठार केलं. आणि पुण्याच्या एका वैद्यानं गेंदाचं परस्पर प्रधानाशी लग्न लावून दिलं!

"तिले विचारल्याशिवाय?" हर्षा दुकानात एवढ्यांदा ओरडली की समोरच्या गिऱ्हाइकानं घाईघाईनं आधार कार्ड खिशात घातलं.

बारा वाजता तिनं नियम दोन लिहिला. तीनपर्यंत चौदा झाले. चौदावा होता: राज्यात यंत्रवाहन नाही. चार वाजता ग्रुपवर एक नवीन सभासद आला आणि त्यानं लिहिलं, "मी राजाची मावशी. यष्टीनं आली. दाराशी उभी हाये."

हर्षानं नंबर न बघताच ठणकावलं, "नियम चौदा. राज्यात एसटी नाही. पहिली ताकीद!"

पाठोपाठ आवाजी निरोप आला. आवाज घरचा होता.

"सासूले ताकीद देतेस काय वो? नकाशा पाय उलटा धरून. थांबा हाये. थांबा हाये म्हणजे यष्टी हाये. नकाशा अंतिम सत्य, हे कोणं लिवलं? मंग मी काय पायी येऊ? माहे गुडघे दुखते!"

खाली चव्वेचाळीस अंगठे उमटले. पंचेचाळिसावा भुपेंद्रचा होता.

महामात्य हर्षानं चौदावा नियम मुकाट्यानं पुसला आणि वज्रगडात पहिली एसटी शिरली. कंडक्टरची जागा भुपेंद्रनं स्वतःहून मागून घेतली आणि लगेच नियम लावला: पुढच्या दाराने चढू नये.

सुमनबाई पुढच्याच दारानं चढल्या, आणि गेंदाला शेजारी जागा धरली.