अस्तरातली चिठ्ठी

“सूनबाईला यातलं काही सांगू नका. पोर गरीब आहे, बाजार पडला की घाबरेल.”

ट्रायल रूमच्या पडद्याआड काज करत बसलेल्या सूनबाईने सासऱ्यांचं हे बोलणं ऐकलं आणि सुईत नवा दोरा ओवला. लग्नाला दीड महिना झाला होता. तेवढ्या दिवसांत ती मोजून वीस वाक्यं बोलली असेल. त्यातली बारा ‘हो’. (उरलेली आठ ‘हो का?’)

सासरे टेलरमास्तर, सासूबाई शिलाईला, नवरा कटिंगला. दुकानाची भाड्याची जागा कधीतरी विकत घ्यायची, म्हणून तिघांनी बारा वर्षं पोटाला चिमटा काढून पैसे म्युच्युअल फंडात टाकले होते. मागच्या पडझडीत मास्तरांनी घाबरून निम्मे विकले आणि महिन्याभरात बाजार दुप्पट जोमाने वर गेला. तेव्हापासून बंदोबस्त झाला. पासवर्ड लांबलचक, कुणालाच पाठ नाही, एकाच चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी कुठे ते फक्त तिघांना ठाऊक. नवा पासवर्ड मागवावा तर मेसेज तिघांच्याही फोनवर. चोरून विकायची सोयच नाही.

इकडे सूनबाईने न सांगता एक चांगलं काम केलं. चार वर्षं खुंटीवर लोंबणाऱ्या एका तपकिरी कोटाच्या बिलावर नंबर होता, तिने फोन लावला. गिऱ्हाईक आलं, शिलाई देऊन कोट घेऊन गेलं. संध्याकाळी सगळ्यांना सांगून शाबासकी मिळवायची, असं तिने ठरवलं.

पण संध्याकाळपर्यंत बाजार कोसळला.

“पहिल्या धुण्यात कापड आटतंच,” जेवताना मास्तर म्हणाले. “म्हणून कोणी शर्टाचं फडकं करतं का? लांब पल्ल्याचा माणूस शांत असतो.” आणि पाण्याच्या पेल्यात चमचा घालून ते बराच वेळ ढवळत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते खुंटीपाशी सगळे कपडे चाचपताना दिसले.

“काय शोधताय, बाबा?” सूनबाईने विचारलं.

“टेप गं.” टेप गळ्यात होती.

दुपारी नवरा तिथेच. “चार्जर.”

मग सासूबाई. “उंदीर शिरलाय बाई कुठेतरी.”

तिघं एकमेकांना चुकवून एकाच खुंटीला प्रदक्षिणा घालत होती आणि समोरासमोर आली की म्हणत होती, “शांत राहायचं हं!”

तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक कोट घेऊन परत. “पाठीत काहीतरी टोचतंय.” दुकानात सूनबाई एकटीच होती. तिने अस्तर उसवलं. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, स्टेपल केलेली चिठ्ठी, तीवर मास्तरांच्या अक्षरात काहीतरी लांबलचक खरडलेलं! तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिने अस्तर शिवून कोट परत दिला, चिठ्ठी टाचण्यांच्या डबीत ठेवली आणि आपल्या खास विषयात, म्हणजे गप्प बसण्यात, रमली.

पाचव्या दिवशी मास्तरांनी एका पँटला तीन पाय कापले. सूनबाईला ते बघवेना. जेवण टाकून ते काउंटरवरच डुलकी घेत होते, शेजारी त्यांचा फोन पडला होता. तिने टाचण्यांची डबी जवळ ओढली.

पुढे पंधरा-वीस दिवसांत बाजार सावरला, वर थोडा चढलाही. रविवारी चहाला मास्तरांची छाती फुगली होती. “बघितलंत? हललो का मी?”

“मी तरी कुठे हललो?” नवरा.

“पुरुषांचं काय कौतुक! धीर धरला तो मी,” सासूबाई. “आणि ही पोर बघा. तिला पत्ताच नाही, म्हणून सुखी.”

सूनबाईने टाचण्यांची डबी उघडून चिठ्ठी बशीशेजारी ठेवली. तिघांचे कप हवेतच थांबले.

“अगं... ही तुझ्याकडे?” नवरा पुटपुटला.

“कधीपासून?” सासूबाई.

“म्हणजे हातात असून तू विकलं नाहीस!” मास्तरांना गहिवरून आलं. “शिका रे, शिका! याला म्हणतात संयम.”

सूनबाई आयुष्यात पहिल्यांदा सलग पाच वाक्यं बोलली.

“बाबा, तीन पायांची पँट बघून मी विकायलाच बसले होते. पण तुमचं अक्षर मला लागेना. तीनदा पासवर्ड चुकला आणि खातंच बंद पडलं. उद्या तुम्हाला स्वतः फंडाच्या ऑफिसात जाऊन उघडून घ्यावं लागेल. पण जरा सावकाश जा, तोवर आपण सगळे शांत आहोत.”