झपाटा आणि तेवीस भांडी

"एवढीशी भांडी? चार सेकंद!" ऑर्विल लिंडक्विस्टने छाती फुगवून सांगितलं.

"चार सेकंद नाही, चार दिवस," व्हर्ना अंथरुणातून म्हणाली. "आणि चालत जायचं. माणसासारखं!"

आता ऑर्विलची बाजूही समजून घ्या. अख्ख्या आयोवा राज्यात, खरं तर अख्ख्या जगातच, त्याच्याइतकं जोरात कुणी पळत नव्हतं. शर्टाच्या आत पिवळा अंगरखा घालून तो पूर आणि आगीतून माणसं ओढून काढायचा, आणि वर्तमानपत्रं त्याला 'झपाटा' म्हणायची. तो कोण, हे एकट्या व्हर्नाला ठाऊक होतं, कारण तो अंगरखा तीच धुवायची. संशय येऊ नये म्हणून गावात तो मुद्दाम इतका रेंगाळायचा, की ऑर्विलला पत्र टाकायला पाठवलं तर तो परत येईपर्यंत तिकिटाचा भाव वाढतो असं लोक म्हणत. दिवसा तो काउंटीच्या कचेरीत दुकानदारांचे तराजू तपासायचा.

व्हर्नाचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. ओल्सन्स बेंड या आमच्या गावात कुणी आजारी पडलं की चर्चच्या बायका ओव्हनमधून काढलेली भांडी तशीच कापडात गुंडाळून घेऊन येतात. आठ दिवस दोघांनी नूडल्स, बटाटे आणि चिकन खाल्लं. आता स्वयंपाकघराच्या टेबलावर धुतलेल्या भांड्यांचा डोंगर उभा होता. बाहेरून आलेल्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, तिच्यावर मालकिणीचं नाव.

"नीट ऐक," व्हर्ना म्हणाली. "रिकामं भांडं परत द्यायचं नाही, प्रत्येकात माझी सहा-सहा बिस्किटं ठेव. बेल वाजव, आत जा, बस, कॉफी घे. रविवारी चर्चच्या सुगीच्या जेवणावळीची प्रमुख निवडणार आहेत. नऊ वर्षं वाट बघतेय मी, ऑर्विल!"

हे सांगताना तिचा आवाज जरासा कापला. ऑर्विलच्या ते लक्षात यायला हवं होतं. पण तोपर्यंत शर्ट काढून तो निघालासुद्धा होता!

बिस्किटं टाकून टेबलावरची झाडून सगळी भांडी त्याने उचलली. तेवीस! पहिल्याच झेपेत बिस्किटांचा चुरा होऊन हमरस्त्यावर पसरला, चिमण्यांची चंगळ झाली. पहिल्या घराच्या पायरीवर त्याने भांडं उलटं केलं. चिकटपट्टी गायब! दुसरं उलटं केलं. गायब! सगळ्या पट्ट्या वाऱ्याने उपटून नेल्या होत्या.

दुसरा कुणी असता तर मुकाट्याने घरी गेला असता. पण ऑर्विल म्हणाला, भांड्यावरून बाई ओळखणं काय कठीण आहे? मोठं भांडं ते सात पोरांच्या घरी. टवका उडालेलं ते धसमुसळ्या मार्जकडे. एक निळ्या कोंबड्याचं चित्र असलेलं देखणं भांडं उरलं. ते थेट हुल्डाबाई स्वेन्सनच्या दारात, कारण चर्चच्या बायकांची निवड म्हणजे शेवटी हुल्डाबाईंची निवड! चार सेकंदांत तो परत घरात होता.

पाचव्या मिनिटाला टेलिफोनच्या तारा तापल्या. त्या रस्त्यावरच्या नऊ घरांना मिळून तार एकच, त्यामुळे एकीने फोन उचलला की आठजणी ऐकत. व्हर्नाने उशाशी असलेला फोन हळूच कानाला लावला.

"मला टवका उडालेलं भांडं! म्हणजे मी फुटक्या भांड्यात वाढते असं म्हणायचंय तिला!"

"अगं, ते माझं आहे! आणि फुटकं कुणाला म्हणतेस?"

"बिस्किटाचा कणसुद्धा नाही आत!"

"पायरीवर टाकून पळून गेले म्हणे! भिकाऱ्याला टाकावं तसं!"

व्हर्नाने फोन खाली ठेवला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ऑर्विल."

"हं?"

"वळ बघू."

तो वळला. त्याच्या पाठीवर, पिवळ्या अंगरख्यावर, सगळ्या चिकटपट्ट्या डकलेल्या होत्या! मार्ज, हुल्डा, आयरीन, सगळ्या बायका ओळीने.

"आणतो परत! आत्ता!" असं म्हणून त्याने दोन सेकंदांत सगळी भांडी गोळा करून आणली. फोनवर नुसता कल्लोळ उडाला. "अगं, दिलेलं भांडं परत घेऊन गेली!"

व्हर्नाने उशीत तोंड खुपसलं. ती रडत होती. ऑर्विलला आता कुठे चूक कळली, आणि त्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

मग तो तिच्याकडे पाठ करून बसला. ती एकेक नाव सोलून, खुणा सांगून, त्याच्या हातात देऊ लागली. "गुलाबी फुलांचं मार्जचं. हिरव्या झाकणाचं आयरीनचं." स्वयंपाकघरात जाऊन तो पट्ट्या लावत गेला. बावीस पट्ट्या संपल्या. निळ्या कोंबड्याचं भांडं तसंच उरलं.

'याची पट्टी उडाली वाटतं,' ऑर्विल मनात म्हणाला. विचारायला जावं तर पुन्हा बोलणी खावी लागणार.

"सगळी जुळली का रे?" आतून आवाज आला.

"सगळी!" ऑर्विल म्हणाला.

शुक्रवारी सकाळी तो चालत निघाला. हातात भांडी, भांड्यांत बेकरीची बिस्किटं, काखेत कोंबडा. आमच्याकडे कुणाच्या घरात शिरणं सोपं, निघणं महाकठीण! "बरंय, निघतो," असं म्हटलं की यजमानीण म्हणते, "इतक्यात?" आणि केक कापते. मग उभ्याने अर्धा तास, दारात पाव तास, पायरीवर हवापाण्याच्या गप्पा. जगातला सर्वात वेगवान माणूस दिवसाकाठी अकरा घरं करू शकला! आणि प्रत्येक ठिकाणी त्याने विचारलं, "हे कोंबड्याचं तुमचं का हो?"

"छे! पण कुठंतरी पाहिलंय बाई," सगळ्याजणी म्हणाल्या.

शनिवारी संध्याकाळी शेवटचं घर हुल्डाबाईंचं. त्याने पाय टेकवले न टेकवले तोच पोलिसांचा भोंगा वाजला. चिकट चार्ली नावाच्या बदमाशाने पुलावर खळ ओतून सगळ्या मोटारी चिकटवून टाकल्या होत्या!

"हुल्डाबाई, मी निघतो!"

"बस खाली. कॉफी गाळतेय."

"फार महत्त्वाचं आहे हो!"

"व्हर्नापेक्षा?" हुल्डाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. ऑर्विल बसला.

"जरा... हात धुऊन येऊ?"

न्हाणीघराच्या खिडकीतून तो थेट पुलावर! चार्ली कठड्यावर ताटकळत बसला होता.

"अरे, होतास कुठं? वीस मिनिटं मी एकटाच खदाखदा हसतोय!"

"एका घरी कॉफीला गेलो होतो," ऑर्विल म्हणाला आणि त्याला त्याच्याच खळीत बसवून परत आला. कॉफी अजून कपात पडत होती.

"ऑर्विल," हुल्डाबाई शांतपणे म्हणाल्या, "तुझा एक बूट कुठाय?"

बूट पुलावर चिकटला होता! ऑर्विलने पाय खुर्चीखाली ओढला. "तो... घट्ट होत होता."

हुल्डाबाईंनी त्याच्यापुढे केक सरकवला. तासाभराने, चौथ्या निरोपानंतर, फाटकाशी त्याने कोंबडा पुढे केला. हुल्डाबाईंनी भांडं पाहिलं, मग त्याला पाहिलं, आणि त्यांच्या ओठांवर हसू आलं.

"कुणाचं ते ठाऊक आहे मला. पण सांगणार नाही. घरी जा आणि जेवायला सावकाश बस."

रविवारी व्हर्नाला जेवणावळीची प्रमुख नेमलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. इतकी शांतपणे बसून कॉफी पिणारा नवरा गावात दुसरा नाही, असं सर्वांचं मत पडलं. जेवणावळीनंतरची दीडशे भांडी घरोघरी पोचवायचं काम त्यांनी एकमताने ऑर्विलला दिलं!

मंगळवारी व्हर्ना पहिल्यांदाच चुलीपाशी उभी राहिली. टेबलावर तिने वाफाळतं भांडं आणून ठेवलं. निळा कोंबडा!

"अगं, हे कुणाचं ते कळलं तुला?" ऑर्विल ओरडला. "बावीस घरं पालथी घातली मी!"

"तू हे घरोघरी दाखवत फिरलास, ते हुल्डाने सांगितलं मला." व्हर्नाने शांतपणे वाढायला घेतलं. "तुझ्या आईने दिलंय ते, लग्नात. अकरा वर्षं दर मंगळवारी यातच जेवतोयस तू. मी भांडं टेबलावर टेकवते, तोवर तुझं जेवून झालेलं असतं."

ऑर्विलने काटा उचलला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एक घास सावकाश चावला. मग दुसरा. मग थांबून त्याने भांड्यात डोकावून पाहिलं.

"व्हर्ना," तो ओशाळून म्हणाला, "यात मटार असतात?"