क्रूझरची मागची सीट

जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर चंद्रकुमार कापगत्यांनी मोटरसायकल घ्यायची ठरवली. साधीसुधी नाही, व्ही आकाराच्या दोन सिलिंडरची. मोबाइलवर ते दुसरं काही पाहीनासे झाले. पानठेल्यावर कोणी "भाऊ, क्रूझर म्हंजे काय?" एवढं विचारलं, की खुर्चीत मागे रेलून, पाय पुढे पसरून दाखवत. "हे क्रूझर. बसायचं ते असं, पाटलावानी." मग ताठ होऊन, "अन् हे टूरर. समोर काच, बाजूले पेट्या, मांगच्या माणसाले टेका. कितीबी लांब जा, कंबर बोलत नाही."

घ्यायची कोणती, एवढंच ठरत नव्हतं. शेवटी भंडाऱ्याला जुन्या गाड्या विकणारा प्रविण एका रविवारी जोडीदाराच्या सोबतीनं दोन्ही गाड्या घेऊन दारात आला. जोडीदार परत गेला, प्रविण थांबला. बायकोच्या, वच्छलाबाईंच्या, माहेरी दिघोरीला क्रूझरवर जायचं, टूररवर परतायचं आणि मग निकाल द्यायचा, असं ठरलं. प्रविण टूरर घेऊन मागोमाग येणार होता.

चंद्रकुमारांनी बटण दाबलं तशी शेजाऱ्यांची तावदानं थरथरली. "आवाज आयकला?" ते छाती काढून म्हणाले.

वच्छलाबाई मागच्या वीतभर सीटकडे पाहत होत्या. "हे सीट हाय का पोळपाट?"

"बस तं खरी!"

लाखनीला प्रविण पेट्रोल भरायला थांबला. चंद्रकुमार थांबणाऱ्यातले नव्हते. पुढे वळणावर म्हशींचा कळप आडवा आला तेव्हा मात्र इलाज नव्हता. तेवढ्यात वच्छलाबाईंची चप्पल गळून पडली. "थांबा जी, चप्पल पडली," म्हणत त्या उतरल्या. हेल्मेट आणि इंजिन यांतून चंद्रकुमारांना इतकंच कळलं, की बायको काहीतरी म्हणाली. "हो, हो," म्हणून ते म्हशी सरताच निघाले. गाडीच एवढी वजनदार, की मागे वच्छलाबाई असल्या काय नि नसल्या काय, तिला फरक पडत नव्हता.

दिघोरीपर्यंत ते दोन्ही गाड्यांची तुलना समजावून सांगत गेले. बायको मधे एकदाही बोलली नाही, अर्थात तिला पटून राहिलं, असं समजून ते अधिकच खुलले.

त्यांचे साळे भय्याजी अंगणात वाटच पाहत होते. "गाडी तं जबरदस्त हाय, भाऊजी. पण ताई कुठी हाय?"

"हे काय, मांगं..." चंद्रकुमारांचा हात रिकाम्या सीटवर पडला.

"रस्त्यात पडली असन वो!" म्हणत भय्याजींच्या बायकोनं, कुंताबाईनं, गळाच काढला. कोणी ट्रॅक्टर बाहेर काढला, कोणी दवाखान्यात फोन लावला. भय्याजींनी बहिणीचा नंबर फिरवला, तर तो चंद्रकुमारांच्या खिशात वाजला. क्रूझर काही त्या अंगणात वळेना. पाचसहा जण ती मागे ढकलत होते आणि चंद्रकुमार हँडल धरून होते.

तोच टूरर आली. मागे, टेक्याला पाठ लावून, वच्छलाबाई.

"लागलं तं नाही ना वच्छला?" चंद्रकुमार गाडी सोडून धावले.

"मले काय लागते? उन्हात उभी होती."

"चुकलो मी. आता टूररच घेऊ. आरामात आली ना?"

"लय आराम. पलंगावानी."

प्रविणचा चेहरा फुलला. "मंग काकाजी, टूरर पक्की?"

"नाही," वच्छलाबाई म्हणाल्या. "ते पहिलीच घ्या."

"ताई, तिनंच तं तुले रस्त्यावर सोडलं!" भय्याजी ओरडले.

"सोडलं म्हणून तं दिसलं!" वच्छलाबाईंनी पदर नीट केला. "इतके वर्षं ह्यांच्या पाठीले नाक लावून बसली. हा माणूस गाडीवर कसा दिसते, ते आज पाहलं. म्हशीवाला बी पाहतच राहिला. 'कोण साहेब गेले जी?' म्हणे. मी सांगतलं, माहा नवरा हाय! मले सोडून गेला, ते नाही सांगतलं."

अंगणात हशा पिकला. चंद्रकुमारांनी कुणाकडे न पाहता हेल्मेट पुन्हा डोक्यात घातलं आणि काच खाली ओढली.